शॉक निवडण्याआधी गाडी काट्यावर चढवा

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी पहाटे साडेपाच वाजता मी माझी टोयोटा टॅकोमा पिकअप ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या पश्चिमेला आय-१० महामार्गावरच्या एका ट्रक-स्टॉपच्या वजनकाट्यावर नेऊन उभी केली. पुढची चाके पहिल्या पट्ट्यावर आणि मागची दुसऱ्या पट्ट्यावर येतील अशी गाडी लावली, खांबावरचे बटण दाबले, आतून आवाज आला आणि कंपनीचे नाव विचारले गेले तेव्हा ‘खासगी गाडी’ एवढेच सांगितले, आणि दोन मिनिटांनी काउंटरवरून पावती घेतली. पुढच्या ॲक्सलवर २,८६० पौंड, मागच्या ॲक्सलवर २,५४० पौंड, एकूण ५,४०० पौंड. टाकी पूर्ण भरलेली होती, आम्ही दोघे आत बसलेलो होतो आणि मागच्या हौद्यात फिरतीचे सगळे सामान लादलेले होते. कोरी असताना हीच गाडी सुमारे ४,४८० पौंडांची होती. आम्हा दोघांचे वजन वजा केले तरी सहाशे पौंडांहून थोडे अधिक, म्हणजे पावणेतीनशे किलोंच्या घरात, ओझे मी तीन वर्षांत तिच्यावर चढवले होते. त्याआधी दीड वर्षापूर्वी शॉक, म्हणजे चाकांचे हादरे आवरणारे शॉक-ॲब्सॉर्बर, घेताना मात्र मी दुकानदाराला फोनवर सांगितले होते, ‘जास्तीचे वजन असेल दोन-अडीचशे पौंड.’

कस्टम ट्यून केलेले, म्हणजे आपल्याच गाडीला जुळवून बांधलेले, शॉक घ्यायचे ठरले की कोणत्या कंपनीचे घ्यावेत, व्यास दोन इंच असावा की अडीच, तेलाची बाहेरची टाकी हवी की नको, या प्रश्नांवर माणूस महिनोन्महिने खल करतो. मीही केला. हे प्रश्न गौण नाहीत, परंतु ते नंतरचे आहेत. दोनदा पैसे मोजून मी ज्या मताला आलो ते असे, की ट्यून करणारा माणूस तुमची गाडी पाहून शॉक बांधत नाही, तुम्ही त्याला जी माहिती देता ती पाहून बांधतो. आणि वजन व वापर या दोन गोष्टी त्याला खोट्या कळल्या, तर जगातला सर्वांत महाग शॉकही आपल्या गाडीखाली परक्यासारखा वागतो.

गाडी २०१९ ची, चार दारांची आणि आखूड हौद्याची आहे. ती माझी एकमेव गाडी आहे, ही गोष्ट या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची. सोमवार ते शुक्रवार रोज जाऊन-येऊन ४४ मैल मी तिच्यातून कामावर जातो, किराणा तिच्यातून येतो, आणि माझ्या पत्नीच्या मणक्याच्या तपासणीलाही आम्ही तिच्यातूनच जातो. महिन्यातून एक-दोनदा मात्र तीच गाडी ब्लडी बेसिन रोडच्या खडकाळ वाटेवर, क्राउन किंगच्या चढावर किंवा अपाचे ट्रेलच्या कच्च्या भागात जाते. या वाटांवर जायचे म्हणून पुढे पोलादी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारा रहाट), दोन्ही बाजूंना रॉक-स्लायडर (दगडांपासून गाडीची बाजू वाचवणारे पोलादी दांडे), हौद्यावर कॅनपी, म्हणजे टप, आत लाकडी खणांची चौकट, फ्रिज आणि पाण्याचे कॅन असे सामान एकेक करून आले. प्रत्येक वस्तू घेताना ती ‘फार काही जड नाही’ असेच वाटत होते.

आमच्या साताऱ्याकडे गॅरेजमध्ये ‘शॉकअप गेले’ असे म्हणतात आणि त्यात गाडी बसली, वाकली, आदळू लागली, अशा सगळ्या तक्रारी येतात. परंतु गाडीचे वजन शॉक पेलत नाही. ते काम पुढे स्प्रिंगचे आणि मागे पाट्यांचे. दणका बसला की स्प्रिंग दबते आणि दबलेली ऊर्जा लगेच परत करते. तिला कोणी आवरले नाही तर गाडी बराच वेळ वर-खाली हिंदकळत राहील. शॉक ती हालचाल आवरतो. त्याच्या आत तेल असते, तेलात पिस्टन वर-खाली सरकतो, पिस्टनला भोके असतात आणि त्या भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत बसवलेली असते. पिस्टन सरकला की तेलाला या चकत्या वाकवून वाट काढावी लागते, आणि त्या ओढाताणीत हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. चाक वर जाताना, म्हणजे शॉक दबताना, पिस्टनच्या एका बाजूची चळत काम करते; चाक खाली परतताना दुसऱ्या बाजूची. दबण्याचा विरोध आणि परतीचा विरोध या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि ट्यूनिंग म्हणजे मुख्यतः या दोन चळती कशा रचायच्या याचा निर्णय.

या विरोधाला आणखी एक परिमाण आहे, ते वेगाचे. गाडी वळणावर एका बाजूला कलते किंवा ब्रेक लावल्यावर नाक खाली घालते, तेव्हा पिस्टन संथ सरकतो. चाक दगडावर आपटते किंवा खड्ड्याची कड लागते, तेव्हा तो झटक्याने धावतो. संथ हालचालीला भरपूर विरोध आणि वेगवान हालचालीला तुलनेने कमी, अशी रचना केली की डांबरी रस्त्यावर गाडी ताठ आणि हुकमी वाटते; परंतु पुलाच्या सांध्यांवर आणि बारीकसारीक खडबडीवर तीच गाडी टोचू लागते. उलट, विरोध वेगाच्या प्रमाणात सरळ वाढत गेला की छोटे हादरे मऊ लागतात आणि वळणावर गाडी थोडी जास्त झुकते. यातले कोणतेही एक चांगले आणि दुसरे वाईट नाही. रोज कामावर नेण्याच्या पिकअपला यातला मधला ठाव शोधावा लागतो, आणि तो मधला ठाव प्रत्येक गाडीचा वेगळा असतो.

माझ्या पहिल्या अनुभवाकडे येतो. दुकानाचे किंवा शॉकच्या कंपनीचे नाव मी घेणार नाही, कारण माल उत्तम होता आणि चुकीची माहिती माझीच होती. अडीच इंच व्यासाचे, बाहेर टाकी असलेले, दबण्याचा विरोध कमी-जास्त करण्याची चावी असलेले चारही शॉक बसवून घेतले. पहिल्याच आठवड्यात पत्नी म्हणाली, ‘अहो, पुलाचा प्रत्येक सांधा मला पाठीत मोजता येतोय.’ पुढचा भाग खरोखरच टोचत होता. मागचा भाग नेमका उलट वागत होता: ब्लडी बेसिनच्या वाटेवर ओढ्याच्या उतारात गाडी एकदा खाली गेली की वर येऊन थांबण्याऐवजी दोन-तीनदा हेलकावे घेत असे, आणि लागोपाठ दोन खळगे आले तर दुसऱ्यात पाटे थेट बंप-स्टॉपवर, म्हणजे हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आदळत. मी मागची चावी दोन घर घट्ट केली. आदळणे थोडे कमी झाले, हेलकावे तसेच राहिले, आणि रिकाम्या हौद्याने कामावर जाताना मागून बसणारे दणके मात्र वाढले. पुढे आणखी दोन घर घट्ट केली, तेव्हा रस्त्यावर गाडी चालवणे नकोसे झाले.

कारण नंतर कळले आणि ते अगदी सरळ आहे. त्या चावीने केवळ दबण्याचा विरोध बदलत होता. माझ्या मागच्या टोकाला कमतरता होती ती परतीच्या विरोधाची, आणि बहुतेक पिकअपच्या शॉकवर असणाऱ्या चाव्या परतीच्या बाजूला हातच लावत नाहीत. जास्त वजनाखाली जास्त दबलेले पाटे अधिक जोराने उसळतात, आणि ती उसळी आवरायला आतल्या चकत्याच बदलाव्या लागतात. चावी असलेला शॉक घेतला म्हणजे सगळे नंतर जुळवता येईल, ही समजूत अनेकांच्या मनात असते, माझ्याही होती. चावी ही मूळ ट्यूनिंगच्या आजूबाजूला थोडे सरकण्यासाठी असते. मूळच चुकले असेल तर चावी ते सुधारू शकत नाही.

पावती हाती आल्यावर मी घरी बसून साधा हिशेब केला. स्प्रिंगचा ताठरपणा आणि तिच्यावरचे वजन यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले, की शॉकचा विरोध कोणत्या प्रमाणात वाढवायला हवा याचा कच्चा अंदाज येतो. कोऱ्या गाडीचे वजन अंदाजे पुढे २,५०० आणि मागे १,९८० पौंड धरले. पुढे वजन सुमारे १४ टक्के वाढले होते आणि नव्या स्प्रिंगा साधारण ८ टक्के ताठ होत्या, म्हणजे विरोध सुमारे ११ टक्के वाढायला हवा. मागे वजन २८ टक्के वाढले होते आणि बदलून घेतलेले पाटे जवळपास ३० टक्के ताठ होते, म्हणजे विरोध सुमारे २९ टक्के वाढायला हवा. पुढे ११ आणि मागे २९! हे दोन आकडे शेजारी लिहिले तेव्हा ‘टॅकोमासाठी’ म्हणून डब्यातून येणारा कोणताही तयार संच माझ्या गाडीला का जुळला नसता, हे मला स्वच्छ दिसले. हा हिशेब ढोबळ आहे, चाकांचे आणि ॲक्सलचे वजन त्यातून वेगळे काढलेले नाही, तरी दिशा दाखवायला तो पुरेसा आहे.

पाट्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो, की मागचे पाटे बसले असतील तर शॉकचा विचारच करू नये, आधी पाटे करावेत. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजावे, सामान काढून आणि सामान भरून. भरल्यावर गाडी बंप-स्टॉपपासून बोटभर अंतरावर येत असेल तर शॉकला काम करायला जागाच उरत नाही, आणि तो कितीही चांगला असला तरी प्रत्येक खड्ड्यात गाडी ठोकर खाणार. पाटे सोडून शॉक घेणे म्हणजे आधी कळस मग पाया.

दुसऱ्यांदा मी अशा एका छोट्या वर्कशॉपकडे गेलो, जे तयार शॉक विकण्यापेक्षा शॉक उघडून नव्याने बांधण्याचे काम अधिक करते. त्यांनी आधी एक लांबलचक अर्ज भरायला पाठवला. दोन्ही ॲक्सलचे काट्यावरचे वजन, टायरचा आकार आणि एका टायरचे वजन, स्प्रिंगचा दर (म्हणजे ती किती ताठ आहे), पाट्यांची संख्या, गाडी किती उचलली आहे, मागे ट्रेलर ओढता का, आणि शेवटी वापराची टक्केवारी: महामार्ग, गावातले रस्ते, कच्चे रस्ते, खडक, वाळवंटातला वेग. पहिल्या दुकानाला मी तोंडी ‘साठ टक्के रस्ता, चाळीस टक्के कच्चा’ असे सांगितले होते. या वेळी मी वर्षभराच्या नोंदी काढल्या. एकूण सुमारे १५,००० मैलांपैकी कच्च्या वाटेवरचे मैल १,२०० निघाले, म्हणजे आठ टक्के. त्यांतही खडकावर रांगत जाण्याचे मैल अगदी मोजके, बाकी सगळा वॉशबोर्ड, म्हणजे आडव्या लाटा पडलेला कच्चा रस्ता. मी ९२ आणि ८ असेच लिहून दिले. आपली गाडी डोंगरातच राहते असे वाटणे सुखद असते, पण ट्यून करणाऱ्यासमोर ताकाला जाऊन भांडे लपवू नये; त्याला चाळीस टक्के सांगितले तर तो चाळीस टक्क्यांसाठीच बांधणार, आणि उरलेले ९२ टक्के मैल आपल्या आणि शेजारी बसणाऱ्याच्या पाठीतून जाणार.

अर्ज वाचून तिथल्या ट्यूनरने फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, की वर्षातले किती दिवस गाडी ५,४०० पौंडांची असते. मी मोजून तीसच्या आत सांगितले. त्याने मला रोजच्या अवस्थेत पुन्हा वजन करायला लावले. मी खणांची चौकट, फ्रिज आणि पाणी काढून, एकटाच बसून पुन्हा काट्यावर गेलो: पुढे २,७६०, मागे २,१९०. पुढच्या टोकाला फरक जेमतेम शंभर पौंडांचा होता, मागे मात्र साडेतीनशेचा. हा मागचा फरकच रोज वापरायच्या पिकअपचे खरे दुखणे आहे. जीपसारख्या बंद गाडीत तो इतका पडत नाही. आम्ही ठरवले ते असे, की मागचे ट्यूनिंग २,३५० पौंडांच्या आसपास धरायचे, म्हणजे रोजच्या वजनाच्या थोडे वर आणि फिरतीच्या वजनाच्या बरेच खाली. परतीचा विरोध कारखान्याच्या मानाने २९ ऐवजी सुमारे २४ टक्के वाढवायचा. आणि फिरतीच्या दिवशी दबण्याची चावी दोन घर पुढे न्यायची. त्याचबरोबर मी माझी सवयही बदलली. पूर्वी खणांची चौकट आळसाने वर्षभर हौद्यात राहत असे, आता ती चार बोल्ट सोडून गॅरेजच्या भिंतीशी उभी राहते.

शॉक उघडताना मला शेजारी उभे राहू दिले, हा मी माझा सन्मान समजतो. आधी नायट्रोजनचा दाब सोडला, फुस्स असा लहानसा आवाज झाला. मग सीलचे डोके फिरवून काढले आणि दांडा वर ओढला. ताजे तेल मधासारखे पारदर्शक असते. माझ्या मागच्या शॉकमधून निघालेले तेल दीड वर्षात करड्या रंगाचे झाले होते. दांड्याच्या टोकावरचा नट काढला आणि चकत्या एकेक करून पांढऱ्या कापडावर क्रमाने मांडल्या. सर्वांत मोठी चकती आठ आण्याच्या जुन्या नाण्यापेक्षा रुंद, मग तिच्यावर लहान होत जाणाऱ्या, अगदी उतरंडीसारख्या. चकत्यांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात: आठ, दहा, बारा, पंधरा. हातात घेतली तर दहाची आणि बाराची चकती बोटांना वेगळी लागत नाही. परंतु चकतीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून दहाच्या जागी बाराची चकती टाकली की ती चकती सत्तर टक्क्यांहून अधिक ताठ होते. एका केसाच्या जाडीइतकाही नसलेला हा फरक मला पाठीत जाणवत होता, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटले नसते. त्याने परतीच्या बाजूच्या दोन चकत्या जाड केल्या, पुढच्या शॉकमधून संथ हालचालीचा विरोध थोडा काढून टाकला, तेल बदलले, सील नवे घातले आणि २०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाने नायट्रोजन भरला.

नायट्रोजनचे काय काम, असे मला अनेकदा विचारले जाते. पिस्टन वेगाने धावला की त्याच्यामागे तेलाचा दाब घटतो आणि तेलात बुडबुडे होतात. बुडबुड्यांना विरोध नसतो, म्हणून शॉक क्षणभर रिकामा झाल्यासारखा वागतो. तेलाच्या पलीकडे तरता पिस्टन ठेवून त्यामागे दाबाखालचा वायू भरला की तेल दाबाखाली राहते आणि बुडबुडे आवरले जातात. एकाच नळीच्या शॉकमधली ही कल्पना फ्रेंच संशोधक द कार्बों यांची, आणि जर्मनीच्या बिलस्टीनने १९५० च्या दशकात ती मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांतून रस्त्यावर आणली. आज आपण ज्यांना चांगले ऑफ-रोड शॉक म्हणतो, ते बहुतेक याच कल्पनेवर उभे आहेत.

आता व्यास आणि टाकी. जास्त व्यास म्हणजे जास्त तेल आणि उष्णता बाहेर टाकायला जास्त पृष्ठभाग. पुढच्या बाजूला त्याचा खरा उपयोग होतो, कारण तिथे शॉक चाकापासून आत, खालच्या कंट्रोल आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यावर, बसलेला असतो. चाक दोन इंच हलले की शॉकचा दांडा एक इंचाहून थोडाच अधिक हलतो, म्हणून तेवढ्याशा हालचालीत त्याला मोठे बळ लावावे लागते. टाकीचा उपयोग लांबलचक वॉशबोर्डवर कळतो. जुलैत ४३ अंश सेल्सियस तापमानात वीस मैल वॉशबोर्ड चालवून मी शॉकच्या नळीवर इन्फ्रारेड तापमापी धरली होती. हात लावता येणार नाही इतकी नळी तापलेली होती आणि टाकी तिच्या मानाने बरीच थंड होती. तेल तापले की पातळ होते आणि विरोध ढिला पडतो. तरीही माझे मत विचाराल तर ज्यांचे वर्षातले कच्चे मैल चार-पाचशेच्या आत आहेत आणि गाडीवर फारसे ओझे नाही, त्यांना दोन इंची, बिनटाकीचे साधे एकनळी शॉक पुरतात. बिलस्टीन ५१०० सारख्या सीलबंद शॉकचा संच अडीच इंची संचाच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळतो. तो घरच्या घरी उघडून नव्याने बांधायचा नसतो, एवढे मात्र घेतानाच जाणून घ्यावे.

वॉशबोर्ड म्हणजे पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखा रस्ता, उंचवट्यांमधले अंतर साधारण दोन-अडीच फूट. ताशी १५ मैल वेगाने गेले तर चाकाला सेकंदाला दहाएक ठोके बसतात, आणि चाक-ॲक्सलची स्वतःची थरथरण्याची गती त्याच्याच आसपास असते. म्हणून त्या वेगाला दात वाजतात. वेग वाढवला की ठोके त्या गतीच्या पलीकडे जातात आणि गाडी शांत वाटते, परंतु चाक जमिनीवर कमी वेळ टेकत असल्याने वळणावर आणि ब्रेकवर पकड सुटते, हे कधीही विसरू नये. इथे परतीचा विरोध जास्त झाला तर चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही, प्रत्येक ठोक्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप-स्टॉपवर चालू लागते. म्हणजे मला जो विरोध कमी पडत होता, तोच अती वाढवला असता तर दुसऱ्या टोकाचे दुखणे ओढवले असते. आणि शॉकवर खर्च करण्याआधी कच्च्या रस्त्यावर टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवून पाहावी. निम्मा हादरा तिथेच मरतो, खर्च काहीच नाही. अर्थात परत डांबरावर येताना हवा भरायला छोटा कंप्रेसर सोबत हवा.

उंचीच्या बाबतीत मोह आवरावा. कॉइलओव्हरची, म्हणजे भोवती स्प्रिंग बसवलेल्या पुढच्या शॉकची, चकती फिरवून स्प्रिंग आधीच जास्त दाबली की गाडी वर जाते. स्प्रिंग त्याने ताठ होत नाही, पण चाकाला खाली जाण्याची जागा कमी होते, आणि उंचवटा ओलांडल्यावर शॉक पूर्ण ताणून खटकन थांबतो. तो धातूचा खटका अनेक जण शॉकचा दोष समजतात. एकूण हालचालीपैकी निदान एक-तृतीयांश खाली जाण्यासाठी राखून ठेवावी. टॅकोमात पुढची उंची दोन इंचांच्या आत ठेवली तर ड्राइव्ह-शाफ्टच्या (चाकांना इंजिनची शक्ती पोहोचवणाऱ्या दांड्याच्या) सांध्यांवरही ताण बेताचा राहतो. त्याहून वर गेल्यास अलाइनमेंट जुळवण्यासाठी वरचे कंट्रोल आर्म बदलणे आले. माझी गाडी पुढे दीड इंच उचललेली आहे आणि ती तशीच राहणार आहे.

रोजच्या गाडीसाठी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. शॉकच्या टोकाला रबरी बुश आहे की पोलादी गोळ्याचा सांधा, हे विचारावे. गोळ्याचा सांधा स्पर्धेत उत्तम, पण धूळ जाऊन तो खडखडू लागला की त्याचा आवाज थेट केबिनमध्ये येतो. दुसरी गोष्ट हवामानाची. ॲरिझोनात गंजाची फारशी काळजी नाही, मात्र मिशिगनमध्ये राहणाऱ्या माझ्या मित्राच्या गाडीखाली हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ दोन वर्षांत शॉकच्या पेचांमध्ये असे बसले, की उंचीची चकती फिरेना. त्याने दर आठवड्याला खालून गाडी धुण्याचा नेम धरला आहे. वॉरंटीची भीती अनेकांना असते. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा असा आहे, की केवळ बाहेरचा सुटा भाग बसवला म्हणून उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला असे दाखवावे लागते. म्हणून बसवल्याची बिले आणि अलाइनमेंटचे कागद जपून ठेवावेत.

पुण्यात माझा आतेभाऊ इसुझूची व्ही-क्रॉस चालवतो. तिचीही रचना तशीच, पुढे स्वतंत्र स्प्रिंगा आणि मागे पाटे. त्याने विचारले तेव्हा मी त्याला आधी जवळच्या धर्मकाट्यावर जायला सांगितले. पुढचा ॲक्सल एकटा काट्यावर घेऊन एक वजन करायचे, मग पूर्ण गाडीचे करायचे, म्हणजे वजाबाकीने मागचे कळते. त्याच्या गाडीवर बंपर आणि कॅनपी सोडून काही नव्हते, आणि शॉक उघडून नायट्रोजन भरून देणारे वर्कशॉप त्याच्या हाताशी नव्हते. अशा परिस्थितीत जिथे दुरुस्ती नाही तिथे महाग टाकीवाला शॉक घेऊन तो गळू लागल्यावर काय करायचे, हा प्रश्न खरा आहे. त्याने वजनाच्या जवळ जाणारा सीलबंद तयार संच घेतला आणि पाट्यांचे बुश बदलले. माझ्या मते त्याचा निर्णय योग्य होता.

माझे नवे ट्यूनिंग पहिल्याच फेरीत पूर्ण जुळले असे झाले नाही. पुढचा भाग लगेच सुधारला. पुलांच्या सांध्यांवर आता केवळ आवाज येतो, धक्का येत नाही. मागचा भाग ब्लडी बेसिनवर छान वागला, पण गतिरोधकावरून हळू जाताना अजून थोडा ताठ वाटत होता. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, दबण्याच्या बाजूची एक बाराची चकती काढून दहाची घातली, आणि तेव्हापासून हात लावलेला नाही. ट्यूनरने ही एक फेरी आधीच किमतीत धरलेली होती. वर्कशॉप निवडताना हे जरूर विचारून घ्यावे, कारण कागदावरचा हिशेब कितीही नीट असला तरी शेवटचा बदल माणूस बसल्यावरच कळतो. त्या महिन्यात फिजिओथेरपीहून परतताना पत्नी पहिल्यांदा गाडीत झोपली.

चारही शॉकच्या चकत्यांचा क्रम, तेलाचा प्रकार आणि वायूचा दाब त्याने एका कागदावर लिहून दिला आहे. वजनाच्या दोन पावत्यांसोबत तो ग्लव्ह-बॉक्समध्ये ठेवला आहे. गाडी ८१,४०० मैलांवर असताना तेल आणि सील बदलले. पुढच्या वेळी मागचे शॉक आधी उघडायचे, कारण तेच जास्त तापतात, आणि उघडण्यापूर्वी पुन्हा एकदा काट्यावर जायचे आहे.